तासाचे तीस पीस

रविवार, १२ जानेवारी २०२५

मिळाली! खोली मिळाली!

कमळाकरकाकांनी आज सकाळी त्यांच्या टायपिंग क्लासची चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "पाडव्यापर्यंत वापर. भाडं नको. पाडव्यानंतर तो मोबाईलचा दुकानवाला मागे लागलाय, त्याला देणार. तोवर तुझ्याकडे खरंच माणसं यायला लागली तर बघू. नाहीतर चावी परत, आणि रडायचं नाही." रडतंय कोण! मी जिन्यातच नाचले.

खोली सुभाष टेकडीच्या पायथ्याशी आहे, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. कव्हरं घातलेली आठ टाइपरायटर मशिनं, भिंतीवर जुनी प्रमाणपत्रं, आणि मागे लाकडी पार्टिशनची छोटी केबिन, जिथे काका पेपर तपासायचे. त्या केबिनमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की झालं आमचं समुपदेशन केंद्र. मी बुधवार-शुक्रवार अंबरनाथच्या शाळेत समुपदेशक म्हणून जाते, तेवढ्यात माझं भागतं. सोम, मंगळ, गुरू दुपारी मी इथे. बुधवारी नेत्रा. ती खरवईहून स्कूटीवर येईल. माझी कॉलेजची मैत्रीण, माझ्याइतकीच वेडी.

ठाण्या-डोंबिवलीत एका तासाला जेवढे घेतात तेवढ्यात आमच्या गल्लीतली बाई चार दिवस घर चालवते. मग ती जाणार कुठे? आमच्याकडे फी नाही. एक रुपयासुद्धा नाही.

आई जीन्सचे धागे कापत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे बायांनी येऊन नुसतं बोलायचं?"

"आणि आम्ही ऐकायचं."

"तुला ऐकता येतं?"

"दोन वर्षं तेच तर शिकले, आई!"

ती हसली आणि पुढचा पीस मांडीवर घेतला.

मंगळवार, १४ जानेवारी

उद्घाटन झालं, तिळगूळ वाटून. दारावर फलक: 'मनातलं बोला. मोफत.' रविवारी विहारात वंदनेनंतर मी माईकवरून सांगितलंही होतं. दुपारी अकरा बाया रांगेत उभ्या! मला वाटलं, पहिल्याच दिवशी जग जिंकलं.

प्रत्येकीच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो. "फॉर्म कुठं भरायचा, मॅडम?" फॉर्म नाही म्हटल्यावर एक म्हणाली, "मग विमा काढायला लावणार का?" दुसरी म्हणाली, "फुकट कोण देतं आजकाल? यांच्या सह्या-बिह्या असतात नंतर." तिळगूळ घेऊन सगळ्या गेल्या. काका जिन्यात उभे राहून बघत होते. मिशीत हसत होते, मी पाहिलं.

सोमवार, २० जानेवारी

कोणी नाही. आई रोज माझ्या आधी येऊन झाडून घेते, माठ भरते आणि दाराशी आपला गठ्ठा सोडून बसते. मी म्हटलं, "घरी बस ना, गुडघे दुखतात तुझे." म्हणाली, "इथं उजेड चांगला आहे." मला वाटतं, लेकीचं ऑफिस झालंय, तिला जरा मिरवायचंय. मिरवू दे बापडी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आली! पहिली खरी बाई आली! बकुळाताई, कॅम्प पाचच्या वस्तीतून. तीपण धागाकटिंगच करते. विहारातल्या माईकवर माझं ऐकून तीन आठवडे विचार केला म्हणे. केबिनमध्ये खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पदर हातात घट्ट. मी सगळं शिकल्याप्रमाणे केलं. शांत आवाज, घाई नाही, प्रश्न कमी. ती दोन वाक्यं बोलली, मग घड्याळाकडे पाहिलं. परत दोन वाक्यं, परत घड्याळ. बाराव्या मिनिटाला उठली.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"नाही ओ मॅडम, तुम्ही चांगल्या आहात. पण शेठचा टेम्पो सहाला येतो. गठ्ठा बाकी राहिला की शेठ बोंबलतो, आणि उद्या माल दुसरीला देतो."

ती गेली आणि मी केबिनमध्ये बसून राहिले. खूप वाईट वाटलं. (बाया आत काय बोलतात ते या वहीत कधीही लिहायचं नाही, हे आजच ठरवून टाकते.)

बुधवार, ५ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे! शंभर टक्के मूर्ख! या घरात जन्मले, याच धाग्यांवर माझी फी भरली गेली, आणि मला हे सुचू नये?

शाळेतून आले तेव्हा आई कापत बसली होती. मी सहज विचारलं, "तासाला किती होतात तुझे?" ती मान वर न करता म्हणाली, "तासाचे तीस पीस. लुप्प्या जास्त असल्या तर पंचवीस." लुप्पी म्हणजे पट्टा अडकवायची ती पट्टी, तिच्या कडेला सगळ्यात जास्त धागे लोंबतात.

म्हणजे माझा मोफत तास बकुळाताईला तीस पिसांना पडतो! फुकट फुकट म्हणून मी फलक लावला आणि तिच्या हातातलं काम काढून घेतलं.

"मग गठ्ठा घेऊनच ये म्हणावं तिला," आई म्हणाली. "हाताला काम असलं की तोंडाला बोलता येतं. समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही. मीपण कधी कधी..."

पुढे काहीतरी म्हणणार होती, पण मी तोवर नेत्राला फोन लावला होता. नेत्रा ओरडलीच, "काय गो, आपल्या सरांनी शिकवलेलं सगळं गेलं खाडीत! भारी आहे हे! कर, करच!"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पन्नास मिनिटं!! बकुळाताई गठ्ठा डोक्यावर घेऊन आली. खुर्च्या बाहेर काढल्या, केबिनमध्ये सतरंजी टाकली, आणि ती पाय पसरून बसली. हातातला धागे कापायचा कटर चालू झाला तसं बोलणं चालू झालं. ती पिसाकडे बघत बोलत होती. मधेच थांबायची, दोन धागे कापायची, मग पुढचं वाक्य. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी ऐकलं नव्हतं.

नुसतं बसवेना म्हणून मीपण एक कटर घेतला आणि उत्साहाच्या भरात लुप्पीचा टाकाच कापला. पट्टी हातात आली. बकुळाताई माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग जी हसली! "मॅडम, तुम्ही ऐकायचंच काम करा. हे जमणार नाही तुम्हाला." जाताना आईने ती लुप्पी सुईदोऱ्याने अशी टाचून दिली की शेठच्या बापालाही कळणार नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज सात जणी! बाहेरच्या खोलीत गठ्ठेच गठ्ठे. टाइपरायटरवर निळ्या कापसाचा थर बसला आणि काका भडकले. "ही संस्था आहे की कारखाना? चाळीस वर्षं मी इथे चप्पल काढायला लावली!" मग बकुळाताईनेच ओल्या फडक्याने आठही मशिनं पुसली. काका पुटपुटत वर आपल्या घरी गेले आणि पाच मिनिटांनी आपला ट्रान्झिस्टर घेऊन खाली आले. पार्टिशनला लागून ठेवला. "आतलं बाहेर ऐकू येतं. बरं नाही ते. हा लावत जा." मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

संध्याकाळी आवरताना आईने एकदम विचारलं, "अगं, एखादी फार जवळच्या ओळखीची असली, तर तिला घेता का तुम्ही?"

"फार जवळची असेल तर मी नाही घेत. नेत्रा घेईल. नियम आहे तसा. कोण आहे?"

"आहे एक." मग थोड्या वेळाने, "आणि समज, एखादीनं कुणाच्या भल्यासाठी खोटं सांगितलं असलं, तर तेपण बोलतात का आत?"

"काहीही बोलतात, आई. कोण आहे सांग ना!"

"आहे गं. तू आपली कुलूप लाव."

मला कळलंच! शेजारची पुतळाबाई. सुनेला खोटं सांगून माहेरी पाठवलं होतं तिने, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी पुतळाबाईकडे गेले आणि गोड बोलून केंद्रावर यायचं आमंत्रण दिलं. "मला वेड लागलंय का गं?" म्हणून तिने दार लावून घेतलं. आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "तुला कुणी सांगितलं तिच्याकडं जायला?" मग हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

गुरुवार, ६ मार्च

आज धक्का बसला. तेजस्वी नावाची मुलगी येते, पंचविशीची, तिच्या आईच्या गठ्ठ्यातले निम्मे पीस घेऊन. आज बोलता बोलता तिचे हात थांबले. कटर खाली पडला. तासभर एक धागा कापला नाही, नुसती रडली. रडणं गरजेचं होतं, अगदी गरजेचं. पण बाहेर येऊन तिने तसाच राहिलेला गठ्ठा पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मी आता नाही येणार, मॅडम. इथे आली की काम राहतं."

म्हणजे हातात काम असेल तर बोलता येतं, पण जे खरं आहे तिथपर्यंत पोचलं की हात थांबतात, आणि हात थांबले की परत तेच तीस पीस. पाडव्याला तीन आठवडे उरलेत. मला घाबरायला झालंय.

सोमवार, १० मार्च

आजचा दिवस सोन्याचा!

तेजस्वीला बकुळाताई स्वतः घरी जाऊन घेऊन आली. दारातच तिच्या हातातला गठ्ठा काढून घेतला. "तू आत जा. हे आम्ही बघतो." आणि बाहेर बसलेल्या पाच जणींनी तो गठ्ठा वाटून घेतला. तेजस्वी तासाने बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि तिचा गठ्ठा घडी घालून, बांधून तयार! ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि आत जाणाऱ्या पुढच्या बाईचा गठ्ठा उघडला.

नियम झाला. मी केला नाही, बायांनी केला: आत जाईल तिचा गठ्ठा बाहेरच्यांनी संपवायचा. मी आणि नेत्रा गेले दोन महिने कुठून निधी आणायचा, कुणाला पत्रं लिहायची याचा विचार करत होतो, आणि उत्तर सतरंजीवर बसलं होतं!

कुणाचा गठ्ठा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकीने त्याला आपली चिंधी बांधायची. वहीत नाव लिहायचं नाही. चिंध्यांच्या क्रमाने आत जायचं. बकुळाताईची पिवळी, तेजस्वीची फुलाफुलांची.

आई मात्र आपल्या गठ्ठ्याला कुणाला हात लावू देत नाही. दुसऱ्यांचे कापते, स्वतःचे शेवटी घरी नेऊन कापते. मानी आहे.

मंगळवार, १८ मार्च

चौदा चिंध्या. काका स्वतः कटर मागायला लागलेत. चष्मा नाकावर ओढून एक धागा असा कापतात जणू पेपर तपासतायत. तासाला त्यांचे चार पीस होतात.

आईने बाबांच्या कंपनीचा निळा शर्ट कपाटातून काढला आज. अंबरनाथच्या कंपनीत बाबा फिटर होते, त्यांचा हा शेवटचा. सहा वर्षं तिने कुणाला तो देऊ दिला नाही, दर महिन्याला धुऊन परत ठेवते. मी म्हणायचे स्वच्छतेचं वेड. आज कात्री घेऊन त्याची बाही कापत होती. मला बरं वाटलं, एकदाचं जुनं निघालं. "पायपुसणं करतेस?" विचारलं. ती कापतच राहिली. मग म्हणाली, "बुधवारी नेत्रा एकटीच असते ना?" मी म्हटलं, हो, तुला बुधवारी सुट्टी हवी तर घे.

हे लिहिताना बाबांची आठवण आली. ते गेले तेव्हा मी पुण्याला होते, शेवटचे दोन पेपर राहिले होते. मी रोज घरी फोन करायचे. आई म्हणायची, "बरे आहेत, झोपलेत. तू पेपर दे." दुसरा पेपर देऊन आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाहीच. झालं ते झालं.

रविवार, ३० मार्च, पाडवा

काका श्रीखंडाची वाटी घेऊन आले आणि मान खाली घालून उभे राहिले. तेव्हाच समजले मी.

"मोबाईलवाल्याला शब्द दिलाय गं. तो बुधवारी चारला चावी न्यायला येतो. तुझ्याकडे माणसं येतात, मला दिसतंय. पण तो भाडं देणार, आणि माझंही वय झालं. औषधं आहेत. राग मानू नकोस."

राग कसा मानू? त्यांनी शब्द पाळला, माझ्याशी आणि त्याच्याशीही. पण चौदा जणींना आता कुठे बसवू? घरात आमची चूल आणि खाट सोडली तर दोन माणसंही मावत नाहीत. मी दुपारभर रडले. रडायचं नाही म्हणाले होते काका, तरी रडले. आईने जवळ घेतलं नाही, नुसती माझ्या बाजूला बसून कापत राहिली. एकदा म्हणाली, "बुधवार अजून यायचाय."

बुधवार, २ एप्रिल

सगळं नीट लिहिते.

शाळेत परीक्षा चालू असल्याने अर्ध्या दिवसात सुटले. मशिनांची कव्हरं नीट करून, सतरंजी गुंडाळून काकांच्या हातात चावी द्यायची, म्हणून तडक केंद्रावर आले. चारला दहा मिनिटं होती.

आईची दाराजवळची जागा रिकामी होती. बाहेरच्या खोलीत बकुळाताई, तेजस्वी, आणखी तिघी आणि काका गोल करून बसले होते. सगळ्यांच्या मांडीवर एकाच गठ्ठ्याचे पीस. ट्रान्झिस्टर बारीक आवाजात चालू. केबिनचं दार बंद. मी आत आले तशा सगळ्यांनी पिसांवर माना घातल्या.

"कोण आहे आत?" मी विचारलं. नंतर वाटलं, हे मी विचारायला नको होतं. आमच्याकडे ते विचारत नाहीत.

काकांनी फक्त गठ्ठ्याकडे पाहिलं. त्याच्या गाठीला निळी चिंधी बांधलेली होती. कंपनीच्या शर्टाच्या बाहीची. बटणाचं काजसुद्धा तसंच होतं.

मी तिथेच काकांच्या बाजूला बसले. सहा वर्षांचा दर महिन्याचा धुतलेला शर्ट, 'फार जवळच्या ओळखीची', 'भल्यासाठी खोटं', 'तुला ऐकता येतं?'. सगळं एकदम आठवलं. मी पुतळाबाईच्या दारात उभी होते तेव्हा जिला मी शोधत होते ती माझ्याच घरात बसली होती. एवढं शिकून मला एवढंही दिसलं नाही, याची लाज वाटली, आणि तरी मला आनंदही होत होता, खूप.

जिन्यात पावलं वाजली. मोबाईलवाला आला होता, हातात पेढ्यांचा बॉक्स. "चलो काका, चावी दे दो, मिस्त्रीपण आलाय खाली, माप घेऊन जाईल."

काका उठले नाहीत. मांडीवरचा पीस तसाच ठेवून म्हणाले, "आज नाही."

"अरे, शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. पण आत माणूस बसलंय."

"किती वेळ?"

"ते मला माहीत नाही. तिचं होईपर्यंत. मी तिला ऊठ म्हणणार नाही, आणि तिच्यानंतर ही बसणार आहे, मग ही. यांनाही ऊठ म्हणता येणार नाही मला." मग चष्मा काढून पुसत, "मी खूप विचार केला, भाऊ. माझ्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही दुसरी जागा बघा. शब्द मोडला, माफ करा."

तो बराच वेळ चिडून बोलला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो पेढ्यांचा बॉक्स तसाच घेऊन खाली गेला. बकुळाताई म्हणाली, "पेढे तरी ठेवून जायचे होते," आणि सगळ्या तोंडावर पदर धरून हसल्या, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

मी कटर मागितला. बकुळाताईने आधी माझ्याकडे, मग पिसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "लुप्पी सांभाळा." मी आईचा एक पीस घेतला. हळू हळू कापत गेले. शिवणीच्या आतले धागे, खिशाचे, मोरीचे, म्हणजे पायाच्या घेराचे. हे ती तीस वर्षं करतेय, आणि मी तिच्या गठ्ठ्यातला एकही पीस आजवर कापला नव्हता.

गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी क्षणभर शांतता झाली. तेवढ्यात पार्टिशनच्या पलीकडून आईचा आवाज आला. "...तिचे पेपर होते ओ. मी तिला येऊ दिलं नाही..."

माझ्या डोळ्यांसमोरचा पीस दिसेनासा झाला. आत जावं, म्हणावं, आई, मी कधीच रागावले नव्हते. पण ते खरं नाही. मी रागावले होते. मी सहा वर्षं रागावलेली आहे, आणि ते आज या खोलीत, कापसाच्या धुळीत बसून मला पहिल्यांदा कळलं. ते बोलायला मला कुणाकडे तरी बसावं लागेल. पण ही वेळ तिची होती.

ट्रान्झिस्टर माझ्या हाताशी होता. मी आवाज वाढवला.

ती बाहेर आली तेव्हा पाच वाजून गेले होते. मला बघून दारातच थांबली. मी बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हटलं, "झालेत सगळे. टेम्पोच्या आधी."

ती खाली बसली, गाठ सोडून वरचा पीस उलटसुलट केला. खिशाजवळ एक धागा राहिला होता. तो तिने कापला.

"हा तू केलास ना," म्हणाली.

"हो."

"शिकशील." मग निळी चिंधी सोडून तिने नीट घडी केली आणि कमरेला खोचली. "पुढच्या बुधवारी पण लागेल ही."